पांढरे बूट आणि कुंडातला भात

माय, काल मी त्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन आले. कुडव्याहून भाड्याची गाडी केली. ड्रायव्हर कोहमाऱ्याला चहासाठी अर्धा तास रेंगाळला, देवरीच्या पुढे रस्ता चुकला आणि वर मलाच विचारतो, "मॅडम, इतनी दूर अकेले कायले चाललात?" मी म्हटलं, तू समोर बघून चालव. ऐंशीकडे झुकलेली बाई एकटी दरीत उतरते, याचं लोकांना भारी नवल. सोबतीला कुणी उरलं असतं, तर मी काय त्याला घरात कोंडून आले असते?

दरी तशीच आहे. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू, मध्ये काळे खडक, आणि सकाळच्या थंडीत खडकांमधून निघणारी वाफ. कुंडाला आता लोखंडी कठडा लावलाय. शेजारी पाण्यातल्या गंधकाची माहिती देणारी पाटी आहे. तीन ओळींत चार चुका. मी उभ्याउभ्या मोजल्या. चाळीस वर्षं वह्या तपासल्या, सवय जात नाही.

खरं तर मी तुझ्यावर रागावायला बसले आहे. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील, मी तेरा वर्षांची, नाताळच्या सुट्टीत कॉन्व्हेंटमधून घरी आलेली. त्या वर्षी तुझी बोटं आखडली होती. सकाळी तू माझी वेणी घालायला बसायचीस आणि पेड बोटांतून सुटायचे, मग नुसत्या तळव्यांनी केस दाबत राहायचीस. मी म्हणायचे, राहू दे, शाळेत माझी मीच घालते. मला वाटायचं, मी तुझा त्रास वाचवते आहे. शेवटी आत्याबाईंनी ठरवलं, हिला कुंडावर न्यायचं. पाच दिवस राहायचं, रोज दोनदा हात पाण्यात धरायचे. बैलगाडीत बसायला तणसाचा पेंढा, घोंगड्या, नव्या धानाचे तांदूळ. तू वाटभर बोलत होतीस. बोटं मोकळी झाली की माझ्यासाठी लोकरीचा स्वेटर विणणार होतीस. रंगसुद्धा ठरला होता, जांभळा.

तिथली रीत आत्याबाईंनी गाडीतच सांगितली. आजारी माणसाच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात मूठभर तांदूळ बांधायचे आणि घरच्या लेकीने ती पोटली कुंडात सोडायची. पोटली बाहेर निघेपर्यंत लेकीने तोंड उघडायचं नाही. भात शिजला, तर पाण्याने आजार पत्करला. कच्चा राहिला, तर तो आजारी माणसाने गुपचूप खायचा आणि पाण्याला हात न लावता आल्या वाटेने परतायचं.

मी पोटली घेऊन एकटी कुंडाकडे जाते आहे. तू आणि आत्याबाई वरच्या खडकावर चूल मांडता आहात. कुंडाच्या मधोमध पाणी खदखदतंय, पण तिथवर जायला शेवाळलेले, चिखलाने माखलेले दगड. माझ्या पायात नवे पांढरे कॅनव्हासचे बूट. अलीकडे, जिथून पाणी ओघळून बाहेर पडतं, तिथे एक खाच दिसते. मी बोट बुडवून बघते. पाणी कोमट. आणि मी पोटली त्याच खाचेत अडकवते.

मी वर आणलेल्या पोटलीचं फडकं आत्याबाईंनी सोडलं, एक शीत अंगठ्याखाली दाबलं. "कच्चा हाय. पाण्यानं नाई म्हटलन. ऊठ वं, गाडी जुंपाले सांगतो."

तू फडकं मांडीवर घेऊन तो भात खायला लागलीस. दाताखाली कण वाजत होते, मला ऐकू येत होते. तेव्हा मी तोंड उघडलं, आणि काय उघडलं! म्हटलं, हा सगळा अडाणीपणा आहे, सिस्टर सांगतात पाण्यात गंधक असतं, गंधकाला कोण आजारी आणि कोणाचा भात हे कळत नाही, माय, तू सरळ हात घाल. सगळं विज्ञान सांगितलं मी. एक वाक्य तेवढं सांगितलं नाही.

"कानवेटात हेच शिकवून राह्यले का तुले? मोठ्यायले अडाणी म्हणाचं?" आत्याबाई कडाडल्या. "पोटली बराबर टाकली होतीस का पण?"

तू घास गिळलास. माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या बुटांकडे बघितलंस. त्यांच्यावर एक डाग नव्हता. मग म्हणालीस, "पोरीले काई म्हणू नोका, बाई. तिनं बराबर टाकलन."

याचाच मला राग आहे, माय. आजही आहे. कायले म्हणालीस तसं? एक थप्पड द्यायची, पोटली पुन्हा बांधायला लावायची. तुला पाच दिवस हवे होते, आणि तू ते माझे बूट पांढरे राहावेत म्हणून सोडून दिलेस. पुन्हा कधी त्या दरीचं नाव काढलं नाहीस. पुढे घाससुद्धा दोन्ही तळव्यांत धरून खायचीस. पाण्याने गुण आला असता की नाही, मला माहीत नाही. पण पाण्यात हात तरी गेले असते.

काल मी घरून मूठभर तांदूळ नेले होते. तुझं लुगडं कुठून आणणार, माझ्याच जुन्या साडीचा तुकडा फाडला. कठड्याला एके ठिकाणी फट आहे. ड्रायव्हर वरून ओरडत होता, "अम्मा, गिर जाओगे!" मी दगडांवरून मधोमध गेले. पोटली सोडली, शिजेपर्यंत बोलले नाही. बोलायला होतंच कोण म्हणा. भात शिजला, माय. मऊ, मोकळा. मला खाववला नाही, दगडावर ठेवून आले.

जाताना बूट काढून हातात धरले होते. काढायला एक क्षणसुद्धा लागला नाही. त्या दिवशीही लागला नसता. मला ते सुचलं होतं, माय. पण थंडीत त्या चिखलात अनवाणी पाय टाकायचा कंटाळा आला होता.