इमरतीवरचा उतारा

औरंगाबाद, भाद्रपद वद्य ११, शके १८६६

तीर्थस्वरूप आवडाआक्कास बद्रीनाथचा शि. सा. न. वि. वि.

आपले बंधुराज काकासाहेब पेन्शनीत गेले, आणि पाठोपाठ त्यांची अक्कलही गेली. मधुमेहासाठी डॉक्टरांनी सॅकरिनच्या गोळ्या मुंबईहून मागवून दिल्या. साखर बंद, चहात ही गोळी घाला, म्हणाले. इवलीशी गोळी कपभर चहा गोडमिट्ट करते. मागाहून जीभ कडवटते, एवढंच.

तर हे महाशय चहा साखरेचाच पितात, गुलमंडीवर इमरती हाणतात आणि वर एक गोळी चघळतात. म्हणे, विंचवावर जसा मंत्र, तसा हा साखरेवर उतारा! कचेरीत पेशकारी केलेला माणूस! खिशातली डबी काढून चारचौघांनाही उतारा वाटतात.

जोडा चावून अंगठ्याला झालेली जखम भरत नाही, काळी पडतेय. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर आधी बोट जाईल, मग पाय. माझं ते ऐकत नाहीत.

धाकट्यावर माया असू दे, थोरल्यावर हात उगार.

तुझा बद्रीनाथ

सोयगाव, आश्विन शुद्ध ३

चि. काकासाहेबास आवडाबाईचे अनेक आशीर्वाद.

लई शहाणा झालास व्हय रे? चोरानं घर लुटावं आणि जाताना दाराला कुलूप लावावं, तसली तुझी गोळी!

मोरीत तू जाऊन आलास की तिथं मुंग्या लागतात, हे वहिनी मागं लाजत बोलली होती. इमरती तर तू खाणारच. वर गोळी चघळ, आणि मग मोरीत बघ. मुंग्या नाय आल्या, तर भाऊबिजेला इमरतीचं ताट घेऊन येते. आल्या, तर मुकाट डॉक्टरचं ऐक. चौघांनी उचलून पाटावर ठेवलेला भाऊ मला ओवाळायचा नाय.

माया आहे म्हणून एवढ्या शिव्या. कमी पडल्या तर कळव.

तुझी आक्का

औरंगाबाद, आश्विन वद्य ८

ती. आक्कास काकासाहेबाचा शि. सा. न. वि. वि.

मुंग्या आल्या. पलटणीसारख्या आल्या. शेजारी एक गोळीही ठेवली होती. तिला वळसा घालून गेल्या. अडाणी जात. बद्री हसला. त्याला कळव, हसणं हा काही इलाज नव्हे.

अंगठा काल डॉक्टरांनी काढला. पाय वाचेल म्हणतात. आता चहात गोळी घालतो. कडवट लागतो, पितो.

रागावली असलीस तरी भाऊबिजेला ये. पाटापर्यंत माझ्याच पायानं चालत येईन. ओवाळल्यावर तोंडात साखर घालू नकोस. डबी पाटाशेजारी ठेवतो.

तुझा काका