कॅलेंडर सिंकचा प्रॉब्लेम

१२ जानेवारी २०२५, रविवार
स्मार्ट मिरर घरीच बनवायचं फायनल. जळगावात अजून कोणाकडे नाही. (चौकशी केलेली नाही, पण नसणारच.) जुना मॉनिटर, त्यावर अर्धपारदर्शक काच, मागे पत्त्यांच्या कॅटएवढा कंप्युटर-बोर्ड. आरशात तोंडही दिसणार आणि वेळ, हवामान, घरातल्यांचं कॅलेंडरही. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात टिपणं लिहून माझं टेक्निकल डोकं गंजलं आहे. २६ जानेवारीला उद्घाटन. कामिनी म्हणाली, "आधी गिझर बघा." बायकोला दूरदृष्टी नाही.

१९ जानेवारी
युसूफभाई मिस्त्री फ्रेम घेऊन आले. दोन इंच मोठी. झापलं. त्यांनी शांतपणे खिशातून कागद काढला. माप माझ्याच अक्षरात होतं. म्हणून काय झालं? अनुभवी माणसाला शंका यायला हवी होती.

२६ जानेवारी
उद्घाटन पुढे ढकललं. स्क्रीनवर कोपऱ्यात पिवळं विजेचं चिन्ह चमकतं आणि बोर्ड बंद पडतो. मोबाईलचा चार्जर लावला होता. तो लावू नये असं माहितीपत्रकाच्या पहिल्याच ओळीत आहे. पहिली ओळ कोण वाचतं?

२ फेब्रुवारी, दुपारी ४
नवा ॲडॅप्टर. चालू झाला! अक्षरं आडवी येतात, पण मान वाकडी केली की स्वच्छ वाचता येतं. कामिनीचं कॅलेंडरही जोडून टाकलं. तिच्या मोबाईलचा पासवर्ड मीच ठरवलेला आहे. माझी बीपीची गोळी, डबा, इस्त्री, सगळं त्यात टाकलं. आता तिला विसरायला जागाच नाही. तशी हुशार आहे. डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, झालेली. पण घरात लॅब नसल्यामुळे अकरा वर्षांत त्याचा उपयोग झाला नाही.

५ फेब्रुवारी
अक्षरं उभी केली. लगेच पहिला बग. 'कामिनी : उद्या ११ वा. धुळे, लॅब इंटरव्ह्यू.' खूप हसलो. दुसऱ्या कोणा कामिनीचा डेटा आपल्यात घुसला. मेमरी कार्ड फॉरमॅट करून सगळं पहिल्यापासून टाकलं. सात तास. एंट्री परत आली.

६ फेब्रुवारी
आज डबा नाही. कामिनी सकाळीच बाहेर. संध्याकाळी बसच्या धुळीने माखून आली. कुठे गेली होतीस, विचारलं नाही. मी प्रायव्हसी पाळतो.

१४ फेब्रुवारी
'धुळे, नोकरी पक्की. यांना सांगणे.' 'यांना' म्हणजे कोणाला? अपूर्ण डेटा. बोर्डावर पंखा बसवला. गरम झाल्यावर असं होऊ शकतं.

२० फेब्रुवारी
'यांना सांगणे.' सलग सातवा दिवस. रिपीट एंट्रीचा बग. फार कॉमन आहे. सगळ्या डिलीट केल्या. जेवताना कामिनी म्हणाली, "आरशावर काही वाचलंत का?" तिने इंटरेस्ट घेतला, बरं वाटलं. सिंक म्हणजे काय, मोबाईलमधलं आरशावर कसं येतं, ते अर्धा तास समजावलं. समजावून झालं तेव्हा ती पोळीचा एकच तुकडा हातात धरून बसलेली होती. शेवटी म्हणाली, "मला बोलायचं होतं." म्हटलं, बोल ना, डाउट असेल तर विचार. उठून गेली.

२१ फेब्रुवारी
'यांना सांगणे' परत नाही. जिंकलो.

२ मार्च
सासरे तोताराम आबा पिंपळनेरहून आले. न कळवता. मिररसमोर उभे राहिले. "हाऊ आरसा शे का टीव्ही शे?" अभिमानाने सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं, "१६ मार्च. सामान नेणे." मग माझ्याकडे वळले. "जवाईबापू, हाई तुम्हले दखास ना?" म्हटलं दिसतं आबा, पण सॉफ्टवेअर जुनं आहे. आबांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि आत कामिनीकडे गेले. टेक्निकल विषय वयस्कर माणसांना जड जातो.

९ मार्च, रविवार
डेमो. बन्सीलाल साहेब आणि ऑफिसातले चौघं. वेळ बरोबर, तापमान बरोबर, टाळ्या. तेवढ्यात खालून एंट्री सरकत वर आली. 'कामिनी : धुळ्याची खोली, डिपॉझिट दिलं. १६ ला निघणे.' कामिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच. मी हसलो. म्हटलं साहेब, सिंकचा प्रॉब्लेम, महिनाभर छळतोय. साहेबांनी मुद्दाम तिला विचारलं, "काय वहिनी, काय म्हणतोय आरसा?"
"बरोबर दाखवतोय," ती म्हणाली आणि साखर पुढे केली.
पाहुण्यांसमोर असं बोलायला नको होतं. माझ्या प्रोजेक्टची बदनामी झाली. साहेबांनी अर्धा कप चहा तसाच ठेवला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मिरर आवडला असावा.

१६ मार्च
आबा टेम्पो घेऊन आले. शिलाई मशीन, तिचं कपाट, दोन ट्रंका. मी कामिनीला समजावलं, चार दिवस माहेरी जाऊन ये, तोवर सिंक दुरुस्त करतो. ती चपला घालत होती. "ते बिघडलेलंच नाहीये हो," म्हणाली. ओरडली नाही, रडली नाही. मीही मॅच्युअर राहिलो. हमालांना ओरडून सांगितलं, कपाट मिररपासून लांब धरा. मिररला ओरखडासुद्धा नाही.

१९ मार्च
गोळी कुठे असते?

२३ मार्च, सकाळी १०
कामिनीचं कॅलेंडर पूर्ण कोरं! बग गेला. कशाने गेला ते नक्की कळलं नाही. बहुतेक पंखा. तिला ताबडतोब फोन केला. म्हटलं, सुटला प्रॉब्लेम, आता यायला हरकत नाही.
म्हणाली, "मी ते अकाउंट बंद केलं."
मग म्हणाली, "तोंडाने सांगायला गेले की तुम्ही मलाच शिकवायला लागता. तुम्ही दिवसातून चाळीस वेळा त्या आरशाकडे बघत होतात, म्हणून सगळं तिथे लिहीत होते. वाटायचं, आज तरी विचाराल. 'यांना सांगणे' तुम्ही पुसलंत, त्या दिवशी खोलीचं बघायला सुरुवात केली."
मागे बाटल्यांचा आवाज येत होता. लॅबमध्ये होती. कोणीतरी तिला "मॅडम" म्हणून हाक मारली.
मी म्हटलं, तिथला पत्ता दे.
म्हणाली, "कशाला?"
मी विचार करायला लागलो. ती थांबली होती, श्वास ऐकू येत होता. मग तिने फोन ठेवला.

सकाळी ११.२०
अजून सुचलेलं नाही.