तेवीस मार्चचं पान

२१ मार्च

चार दिवस झाले, कोणाशी बोलले नाही. बरं वाटतं! झाडीपट्टीतली नाटकं दिवाळीला सुरू होतात, ती होळी उलटली तरी संपत नाहीत. तोवर माणसंच माणसं – गाडीत, मेकअपच्या तंबूत, जेवायच्या पंगतीत. वीस वर्षं झाली. आधी हिरॉईन होते, आता आईची कामं करते. देवरीच्या जंगलातली बाबांची ही दोन एकर आणि खोपटी नसती तर वेडच लागलं असतं मला. शेजार म्हणजे नाल्यापलीकडचे उदाराममामा. सत्तरीचे, माझ्यासारखेच एकटे. आठवड्यातून एकदा हाक मारतात, जिवंत आहे का बघायला.

रेंजसाठी खडकावर चढले तर आमच्या मंडळाच्या मॅनेजरचा, नंदलालचा फोन. "अलकाताई, दोन प्रयोग वाढले ना! तुमच्याबिगर आई कोण करन?" हो म्हणाले. आणि इकडे मोहफुलं गळायला लागलीत! इथे असले की स्टेज आठवतं, स्टेजवर असले की मोह. कुठेच धड नसते मी.

२३ मार्च

गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय. सकाळी मोहाखालचा पाला पेटवला. जमीन साफ झाली की फुलं दिसतात, सगळेच पेटवतात. शेवटपर्यंत उभं राहायचं असतं एवढंच. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न – नंदलाल दोन तास आधीच! एक घागर ओतली आणि पळाले. धूर होता अजून. विझली असेल. विझलीच असेल.

२५ मार्च

विझली नव्हती.

बसमधून उतरले तेव्हा आधी वास आला. मग टेकडी दिसली – काळी, पार वरपर्यंत. थांब्यावरच्या चहावाल्या रुक्माबाई सांगायला लागल्या, "उदाराम म्हाताऱ्याले नेलं ना जंगलवाल्यांनी! त्यानंच लावली म्हणून राहिले सारे." मी काय केलं? चहा संपवला. अर्धा कप राहिला होता, तो संपवला!

घरी येऊन आधी हे मागचं पान धरलं फाडायला. कोपरा फाटला. पुढे हात चालला नाही. माझ्या मोहाचं खोड एका बाजूने भाजलंय, तरी खाली राखेत फुलं पडली आहेत. वेचली नाहीत.

२७ मार्च

काल आमच्या इकडच्या प्रतापगडाजवळच्या एका गावात प्रयोग. तिसऱ्या अंकात पोलीस मुलाला पकडतात आणि आई त्याचा गुन्हा स्वतःवर घेते. "साहेब, त्याला सोडा! मी केलंय सगळं!" बायका पदरानं डोळे पुसत होत्या. टाळ्या थांबेनात. खोटी कबुली देताना माझा आवाज एकदाही अडखळला नाही. खरी द्यायची होती ती चहाबरोबर गिळली. पडदा पडल्यावर नंदलाल म्हणाला, "आज तं तुम्ही कमालच केली." त्याच्या अंगावर ओरडले. बिचारा बघतच राहिला.

२८ मार्च

उदाराममामांना घरी सोडलंय, पण एकतीसला कोर्टात हजर व्हायचंय. नाला ओलांडून गेले. दोन्ही हातांना फडकी बांधलेली. यंदाचा मोह त्यांच्या हातून वेचला जाणार नाही, आणि वर्षभर त्यावरच तर भागतं त्यांचं.

"मी आग इझवाले गेलतो. हातात पळसाची डहाळी होती, खिशात माचिस. जंगलवाल्या नाकेदाराले माचिसच दिसली."

"लावली कोणी, मामा?" मी विचारलं. विचारलं मी! नाटकीच आहे मेली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुह्याच झाडाखालून निंगाली ना."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"तू नव्हतीस ना तिथं. नसलेल्या माणसाचं नाव कायले घेऊ?"

यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या अंगणात बसून घळाघळा रडले. ते म्हणाले, "चाय मांड. मले हात नाहीत."

२९ मार्च

पहाटेपासून त्यांच्या झाडाखाली वेचत होते. सहा टोपल्या. पाला पेटवला नाही. हाताने बाजूला सारला.

३० मार्च

जंगलखात्याच्या रेंज ऑफिसला गेले. रेंजर साहेबांपुढे उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, त्यांना सोडा. मी केलंय सगळं."

बोलता बोलताच कळलं – हे माझं वाक्यच नाही, नाटकातल्या आईचं आहे! आवाजही तोच लागला, हात आपोआप पदराकडे गेला. दाराशी उभा असलेला नाकेदार हसायला लागला. "परवाचाच शीन करून राहिल्या बाई! आम्ही होतो ना पुढच्या रांगेत." साहेब हसले नाहीत. भला माणूस. म्हणाले, "म्हाताऱ्याची दया येते, समजतं मला. पण त्या दिवशी तुम्ही प्रयोगाला गेल्या होत्या, सगळ्यांना माहीत आहे. घरी जा ताई."

मी पुन्हा सांगितलं. साधं बोलायचा प्रयत्न केला. जितकं साधं बोलायला जाते तितकं नटल्यासारखं होतं! वीस वर्षं लोकांना रडवून हेच कमावलं – खरं बोलले तर टाळी पडते.

मामांना सांगितलं नाही. काय सांगू? सकाळी त्यांच्याबरोबर देवरीच्या बसला बसायचंय.

३१ मार्च

साहेब, कोर्टाच्या आधी इथे उतरले. ही वही तुमच्या टेबलावर ठेवतेय. आजवर कोणाला दाखवली नव्हती. सगळी वाचा, पण आधी तेवीस मार्चचं पान. कोपरा मीच फाडलाय. अक्षर हललंय ते गाडीमुळे. ते लिहिताना समोर कोणी बघायला बसलं नव्हतं.

मी बाहेर बाकावर आहे. शेजारी उदाराममामा आहेत, त्यांना घरी जाऊ द्या.