मंदाचे हात

शनि., १८ जाने.
आज पहाटे मारुतीला तेल-शेंदूर लावला, पण घाईत. मग घरी न येता धरणाकडच्या त्या भाड्याच्या घरामागं उसाच्या आड उभा राहिलो. पन्नाशीला आलेला माणूस, चोरासारखा.

उघड्या खिडकीतून आत सिनेमावाले दिसत होते. नटीचे हात शेतकरणीचे दिसेनात म्हणून माझ्या बायकोचे, मंदाचे घेतलेत. विचारायला आले तेव्हा मीच म्हणालो, "न्या की, हातच तर पाहिजेत." वाटलं, भाकरी थापायची असेल.

नटाच्या उघड्या पाठीला तेल लावायचं होतं.

दिग्दर्शिका केतकीताई सारख्या म्हणत होत्या, "वहिनी, अजून सावकाश." आणि मंदा लावत होती सावकाश. घरी तिचं सगळं धडाधड.

रवि., १९ जाने.
पंपाच्या सामानाला आळेफाट्यावर. चहावाला बबन, माझा शाळासोबती: "काय राव, वहिनी सिनेमात अन् तुमी कांद्यात? सिनेमा लई तसला हाय म्हणं!"
हसलो. चहा तसाच राहिला.

घरी येऊन मंदाला विचारलं, काय वाटलं?
"कशाचं?"
"त्याच्या पाठीचं."
"गार व्हती."
पुन्हा भाजी चिरायला लागली. गार होती हे लक्षात राहिलंय म्हणजे.

गुरु., २३ जाने.
जपाला बसलो की ती पाठ दिसते. नटाचा हेवा वाटत नाही असं लिहून खोडलं. वाटतो.

शेवटी केतकीताईंना गाठलं. म्हटलं, तेवढं काढून टाका.
रागावल्या नाहीत. सगळी गोष्ट सांगितली. नवरा बऱ्याच वर्षांनी घरी येतो. अर्धा सिनेमा सरला तरी दोघं एकमेकांना शिवत नाहीत. ती वाढते, तो जेवतो. तो दाराची कडी दुरुस्त करतो, ती बघते. मग एक दिवस ती तेलाची वाटी घेऊन येते. "पुढचं मी दाखवतच नाही, दादा. जे काय आहे ते त्या हातांत. वहिनी नको म्हणाल्या तर काढते."
वहिनी. मी नाही.
मंदाला विचारायचं धाडस होईना.

बुध., २ एप्रिल
केतकीताई लॅपटॉपवर तेवढा भाग दाखवून गेल्या. चेहरा नाही, नुसते हात. अंगठ्यावर विळ्याचा वण. दुसऱ्या कुणाला ओळखू येणार नाहीत.
त्या गेल्यावर राहवेना. "असं सावकाश कुठं शिकलीस?"
"तुमचंच बघून."
"माझं?"
"मारुतीला लावता तसं. दर शनवारी पायरीपाशी उभी असते नव्हं मी. देवाला येवढा वेळ. मला वाटायचं..."
वासरू सोडायला उठली.

शनि., ५ एप्रिल
तीन दिवस ठरवत होतो. आज केलं.
मारुतीचं आटोपून घरी आलो. तेलाची दुसरी वाटी घेतली, देवाची नाही. मंदा माझ्याआधी येऊन ओट्यावर लसूण सोलत होती. समोर बसलो, तिचा हात हातात घेतला.
"अगं बया, काय करताय? कुणी बघंल."
"बघू दे."
तळवा. मग एकेक बोट. कांदा काढून पडलेल्या भेगा. अंगठा इतका आखडलाय, मला माहीतच नव्हतं.
"क्यामेरा कुठं ठिवलाय?" हसली. मग हसायची थांबली.
सिनेमातलं ठेवायचं की काढायचं, ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही.
तिचा दुसरा हात अजून लसणातच होता. मी वाटी घेऊन थांबलो.