बाहेरची जाळी

अण्णा, मागच्या आठवड्यात लेकीबरोबर अलिबागला गेले होते. धक्क्याच्या बाजूला एक मोटारबोट वाळूवर ओढून कलती ठेवली होती आणि एक माणूस तिच्या तळाला रंग देत होता. तळाच्या भोकावर पितळेची पट्टी होती, किसणीसारख्या फटी असलेली, आणि रंगाचा ब्रश लावायच्या आधी त्याने त्या पट्टीवर नीट कागद चिकटवला होता. एवढंच पाहिलं. लेक म्हणाली, तुझे हात गार पडलेत, ऊन बाधलं का. मी हो म्हटलं. या वयात ऊन बाधलं म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. पण मला भीती वाटली होती, दहाव्या वर्षी वाटली होती तीच. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. त्या दिवशी तुम्ही बोटीखाली गेलात ते माझ्यामुळे, हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

बदलापूरला नदीकाठी, मांजर्लीच्या वरच्या अंगाला, पंपघराच्या आवारात आपल्या दोन खोल्या होत्या. पात्राच्या मधोमध ती गोल दगडी विहीर, जिच्यातून पंप पाणी ओढायचा, आणि तिच्या गजांना अडकलेला पाला, गवत, चिंध्या काढायला तुम्ही बोट घेऊन जायचात. बोट लष्कराच्या लिलावातली. मी कल्याणच्या नन्सच्या शाळेत राहून शिकत होते आणि घरी आले की तुमच्या मागे मागे त्या बोटीत. इंजिन गार ठेवायला नदीचंच पाणी लागतं, तळाच्या भोकातून ते आत येतं, इंजिनाभोवती फिरतं आणि बाजूच्या नळीतून धार धरून बाहेर पडतं, हे तुम्ही मला शिकवलंत. धार जाड असेल तर गप्पा मारायच्या, बारीक झाली तर गप्प बसायचं, असं म्हणायचात. मी बोटीत बसले की नदी बघायचेच नाही, त्या धारेकडे बघत बसायचे.

मग तो सिंधी मिस्त्री आला. कराचीच्या बंदरात त्याने लाँचींची इंजिनं दुरुस्त करण्यात उमर घालवली होती आणि आता कॅम्पातल्या बराकीच्या ओसरीत लेथ टाकून बसला होता. त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळून गेलं तरी तुम्ही शेवटपर्यंत कॅम्पच म्हणत राहिलात. तो दर रविवारी यायचा, आईच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून चहा प्यायचा आणि तुमच्याशी भांडायचा. भांडण एकच. पाणी गाळायची जाळी बोटीच्या बाहेर हवी की आत. तुमचं म्हणणं, आत नळीवर झाकणाचा डबा बसवावा, कचरा साठला की कॉक बंद करून झाकण उघडावं, हात घालून मूठभर पाला काढावा, कपडेसुद्धा भिजत नाहीत. तो म्हणायचा, डब्यापर्यंत पोचायच्या आधी काडी नळीतच आडवी बसली तर काय, नळी फोडणार? आणि झाकणातून पाणी पाझरलं की ते बोटीतच ना? बाहेर पट्टी लावली की घाण आत शिरतच नाही, बोट चालते तेव्हा पाणीच तिला धुऊन काढतं. यावर तुमचा प्रश्न ठरलेला होता. "उन्हाळ्यात ठीक आहे. पावसात ती अडकली म्हणजे खाली जाणार कोण? तू?"

"साईं, चोर को घर में बुलाके फिर पकडना, ये कौन सी अक्कल?" असं म्हणून तो आईकडे बघायचा. आई त्याच्या बाजूची होती. चुलीपुढून मान न वळवता ती म्हणाली होती, "हंड्याच्या तोंडाला फडकं बांधतात, पोटात नाही." त्यावर तुम्ही हरलात. मिस्त्रीने पितळेची पट्टी कापून, फटी पाडून, चार स्क्रूंनी तळाला बसवली आणि वर्षभर ती इतकी छान चालली की तुम्ही त्याला चिडवायचंही सोडून दिलंत.

पुढच्या मे महिन्यात बोट काठावर ओढून कलती केली. अंबरनाथहून डांबर आणलं, ते तापवून तळाला लावायचं असं दर वर्षी असायचं. तुम्हाला ताप होता. एक बाजू तुम्ही केलीत आणि घोंगडी घेऊन पडलात, उरलेलं मी मागून घेतलं. पट्टीवर चिंधी डकव, मग कुंचल्याला हात लाव, असं तुम्ही सांगितलं होतं. मी चिंधी डकवली नाही. काळ्याभोर तळावर ते पिवळं चौकोनी ठिगळ मला कुरूप दिसत होतं. सगळं एकसारखं काळं व्हावं म्हणून मी पट्टीवरूनही कुंचला फिरवला, दोनदा. सकाळी बघितलं तर फटी बुजलेल्या. केसांतला काटा काढून मी त्या कोरायला बसले. काही मोकळ्या झाल्या, काही झाल्या नाहीत, काटा वाकला. तेवढ्यात तुम्ही आतून विचारलंत, "जाळी साफ आहे ना गं?" आणि मी म्हटलं, हो.

बोट पाण्यात गेली. धार निघाली. थोडी बारीक होती, पण होती. मी शाळेत परत गेले आणि रात्रंदिवस ती धार माझ्या डोळ्यांपुढे. आमच्यातल्या ख्रिस्ती मुली दर शनिवारी चॅपलमध्ये फादरना आपली पापं सांगून यायच्या आणि बाहेर येताच लंगडी खेळायला लागायच्या. मला त्यांचा फार हेवा वाटे. एका सिस्टरना मी विचारलं, हिंदू मुलींनी कुणाला सांगायचं. त्या म्हणाल्या, घरी वडील आहेत ना, त्यांना सांग. म्हणून श्रावणात सुट्टीला आले ती सांगायचं ठरवूनच आले होते.

रविवार होता. नदी तांबडी, काठोकाठ. विहिरीच्या गजांना अख्खं झाड येऊन अडकलं होतं. तुम्ही निघालात, मिस्त्री बरोबर, आणि मी हट्टाने बसले, कारण बोटीत तुमच्याशी बोलता येईल असं वाटलं होतं. विहिरीपाशी पोचायच्या थोडं आधी धार तुटली. थेंब थेंब झाली, मग तेही नाही. इंजिनातून वाफ आली. तुम्ही ते बंद केलंत, त्याच हाताने दोर विहिरीच्या कडीत टाकलात आणि बोट झटका खाऊन त्या दोराला लोंबकळत राहिली. इंजिन नाही तर काठ नाही. त्या पाण्यात वल्ह्याचं काम नव्हतं. मिस्त्री म्हणाला, जाळी माझी, खाली मी जातो, आणि सदरा काढायला लागला. त्याला पोहता येत नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं. "तू दोरी धर," तुम्ही म्हणालात. दुसरी दोरी कमरेला बांधलीत, माझ्याकडे बघून म्हणालात, "मधे बस. उठू नको." आणि गेलात.

मिस्त्री सिंधीत मोजतो आहे. हिकु, ब, टे, चार, पंज. मला त्याचे आकडे पाचापर्यंतच कळतात, पुढचं मोजणं किती झालं हे कळत नाही आणि त्यानेच जास्त भीती वाटते. दोरी त्याच्या मुठीत ताणली जाते, सैल पडते. बोटीच्या तळाला आतून ऐकू येतं, काहीतरी खरवडल्यासारखं, माझ्या पायांच्या बरोबर खाली. तुमचं डोकं वर येतं, तुम्ही श्वास घेता, परत जाता. परत खरवडणं. पाणी इतकं गढूळ की हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत, म्हणजे तुम्ही चाचपूनच काम करता आहात. तिसऱ्या वेळी खरवडणं थांबलं तरी तुम्ही वर येत नाही. मिस्त्री मोजायचं सोडून देव आठवू लागतो. मी मधेच बसलेली आहे. उठू नको म्हणालात म्हणून उठलेली नाही.

तुम्ही पलीकडच्या बाजूला वर आलात. प्रवाहाने तळाशी दाबून धरलं होतं, असं तुम्ही नंतर आईला सांगितलंत. त्या वेळी फक्त खोकलात. उजव्या हाताचं एक नख उपटून निघालं होतं आणि बाकीची काळी होती. मिस्त्रीने काय होतं विचारलं. "पाला," तुम्ही म्हणालात. इंजिन सुरू झालं, धार जाड पडली, आपण घरी आलो, आईने हळद लावून बोट बांधलं. तुम्ही मला काही विचारलं नाहीत आणि मी काही सांगितलं नाही.

पंपघराच्या साहेबांना तुम्ही कळवलंत की बाहेरची जाळी या नदीला चालत नाही, आतला डबा द्यावा. डबा आला. मिस्त्री एकदाच आला, चहा न घेता उभ्याउभ्या बोलला. "पाला बाहर ही रोका ना उसने? फिर उसका गुनाह क्या?" तुम्ही खाली बघत होतात. नंतर तो आलाच नाही. डब्याच्या झाकणातून तो म्हणाला होता तसंच पाणी पाझरायचं आणि तुम्ही रोज सकाळी ते उपसायचात, एकदाही कुरकुर न करता. आई मात्र दोन-तीन वर्षं रविवारी चहाचं आधण एका कपाने जास्तच ठेवायची.

पाल्याने नखं काळी होत नाहीत, अण्णा. ते तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, तुम्ही मला वाचवायला त्या भल्या माणसाची जाळी खोटी पाडलीत की खरंच पालाही होता, हे मी चाळीस वेळा विचारायचं ठरवलं. तुमच्या शेवटच्या आजारात उशाशी बसून तुमचा तो हात हातात घेतला होता, तेव्हाही धीर झाला नाही. आता हे पत्र लिहून मी ट्रंकेत ठेवणार, दुसरीकडे कुठे जायचं आहे त्याला. पण सिस्टरनी सांगितलं होतं तसं पुरतं सांगते. मिस्त्री मोजत होता तेव्हा मीही देवाला हाक मारत होते. अण्णांच्या बोटांना डांबर कळू नये, असं मी मागत होते. तुम्ही वर यावंत हे मी मागितलं, पण ते नंतर, खरवडणं थांबल्यावर.