टोपलीत न आलेले मासे

९ नोव्हेंबर

चिमणे,

आशीर्वाद. इथे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे. तोंड तर कधी दुखलंच नव्हतं. मांजरीला चार पिल्लं झालीत, चारही माझ्या जाळ्यात झोपतात.

तू म्हणशील, दोन वर्षं बाबांनी फोन उचलला नाही आणि आता मांजरीची बातमी! थांब गं, धीर गोळा करतोय.

कंपनीने समुद्रात पिंजरे बांधून मासे वाढवायला घेतले, तेव्हा आसपासचे मासे तपासायला सरकारने तुला पाठवलं. माझ्याच होडीच्या टोपल्या तू धक्क्यावर मोजल्यास. एकही मासा आजारी निघाला नाही, तसं तू लिहिलंस. आणि मी भरसभेत ओरडलो, "ही पिंजरेवाल्यांना विकली गेली!" तू गुपचूप वही मिटलीस. नंतर तुला मोजणीवरून काढून कागदांच्या खोलीत बसवलं.

आता ऐक. आजारी मासे होते. पाठीत बाक आलेले, अंगावर फोड उठलेले. ते मीच धक्क्याला लागण्याआधी पाण्यात फेकले होते. एक वाकडा दिसला की व्यापारी अख्खी टोपली नाकारतो, म्हणून आम्हा सगळ्यांच्या हाताला ती सवयच लागली होती. सभेहून घरी येऊन हात धुताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तेव्हाच तुझ्याकडे धावत यायला हवं होतं. ताठा आडवा आला. फोन वाजला की मी अंगणात जाऊन उभा राहायचो.

गेल्या महिन्यात पुन्हा सभा झाली. मी उठलो. म्हणालो, "पोरगी खरी होती. टोपली खोटी होती, माझी." मग शेजारचा जाळी विणणारा उठला, "माझीही." मग एकेक करत सगळेच. दुसऱ्या दिवशी काहीही न फेकता आणलं, तर शंभरात एकोणीस आजारी! तुझ्या साहेबांनी स्वतः मोजले. पिंजरे हलवायचा हुकूम निघालाय, आणि तुला परत मोजणीवर घेतलंय हेही त्यांनीच सांगितलं. हुश्श! काल दोन वर्षांनी मला जेवण गोड लागलं.

सोमवारी तू येणार म्हणे. माझ्याच होडीपासून सुरुवात कर. पण बाबांचे मासे म्हणून मागच्यासारखा डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. होडीत माझ्याशेजारी बस आणि माझ्या हातांवर लक्ष ठेव.

दोन्ही हात तुझ्यासमोर ठेवणारा,
बाबा