जाड गोळी, बारीक गोळी

माइल्स सिटी, मोंटाना
१० एप्रिल २०१६

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

आईच्या मनगटाचं कसं आहे? ती बर्फावर घसरली त्याला आता महिना होत आला. तिला म्हणावं, कोंबड्यांना दाणे तुम्ही टाका, ती फक्त खिडकीतून ओरडेल. ओरडायला मनगट लागत नाही.

या आठवड्यात मी सातवीच्या वर्गाला मोजमाप शिकवलं. पुस्तकातली उदाहरणं त्यांना झोप आणतात, म्हणून तुमच्या जोडीची गोष्ट सांगितली. तुमच्या दोन रिव्हॉल्व्हर, जुन्या काळातल्या पिस्तुलांच्या इटलीत बनलेल्या नकला, प्रत्येक बाराला अंगठ्याने घोडा ओढावा लागणाऱ्या. एकाच कारखान्याच्या, पण दहा वर्षांच्या अंतराने घेतलेल्या. दिसायला अगदी जुळ्या. तरी जुनीची नळी आणि काडतुसं भरायच्या फिरत्या चक्रीतली घरं जरा ऐसपैस, नवीची तंग, आणि फरक वहीच्या एका पानाच्या जाडीहूनही कमी. म्हणून तुम्ही शिसं वितळवून जुनीसाठी जाड गोळ्या ओतता आणि नवीसाठी बारीक. एका मुलीने विचारलं की एवढासा फरक कळतो तरी कुणाला. मी म्हटलं, माझ्या वडिलांना कळतो. सगळ्यांनी वहीचं एकेक पान चिमटीत धरून पाहिलं, बाबा. मला फार बरं वाटलं.

घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, पण मोजायला मी तुमच्याच टेबलावर शिकले, हे मी त्यांना सांगितलं.

माया आहेच, ती पत्रातूनही येऊ द्या.
तुमची,
सिग्ने


न्यूएल, साउथ डाकोटा
१७ एप्रिल २०१६

चि. सिग्नेस,
अनेक आशीर्वाद.

मास्तरीणबाई, पत्र मिळालं. आईने ते दोनदा वाचून घेतलं आणि ओरडण्याबद्दलच्या वाक्यावर तुझं नाव घेऊन ओरडली. मनगट बरं आहे. डॉक्टर म्हणाले, प्लास्टर मे संपेपर्यंत राहील. स्वयंपाक मी करतो. परवा बीन्स करपले. कुत्र्यानेही नाक मुरडलं.

तुझ्या वर्गाला मात्र एक दुरुस्ती सांग. तो फरक कळणारा बाप आता म्हातारा झालाय. नेमबाजीच्या क्लबात पंचवीस यार्डांवरच्या कागदावर माझ्या पाच गोळ्या बशीएवढ्या जागेत बसायच्या, त्या आता टोपलीभर पसरतात. एका रिव्हॉल्व्हरने नाही, दोन्हींनी. नवीच्या नळीत तर शिसं असं माखतं की खरवडून काढावं लागतं. हत्यारं दोन, बिघडली एकदम; मग बिघाड हत्यारांत कसा असेल? तो मधल्या माणसातच. अंगठाही गेला बहुतेक. जुनीत काडतूस पूर्वी अलगद उतरायचं, आता दाबून बसवावं लागतं. आई पडली त्याच आठवड्यापासून हे सुरू आहे. तिला तसं बर्फावर पडलेलं पाहिलं, तेव्हाच हातातलं काहीतरी गेलं असावं.

तेव्हा ठरवलंय. एकवीस मेचा वार्षिक सामना शेवटचा. नंतर जोडी शेजारच्या लॉइडला देणार. त्याला शब्द दिलाय. घोड्यांना नाल ठोकायच्या माझ्या धंद्यावरून क्लबातले मला गेली पंधरा वर्षं ‘ढिला नाल’ म्हणून हाक मारतात. नाव आता शोभायला लागलं.

आईला यातलं फारसं बोललो नाही. तूही बोलू नकोस.

आठवण काढत जा, आम्ही काढतोच.
तुझा,
बाबा


माइल्स सिटी
२३ एप्रिल २०१६

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी चालत नदीपर्यंत गेले आणि परत आले. मग पुन्हा वाचलं. राग येऊ देऊ नका, पण हात गेला हा तुमचा निष्कर्ष आहे, मोजमाप नव्हे. लॉइडकाकांना शब्द देण्याआधी कारण तरी शोधायचं होतं.

मी ग्रंथालयात बसून वाचून काढलं. शिसं मऊ पडलं असेल, तर ते नळीत माखतं. तेव्हा या खेपेला कथील जास्त घालून गोळी कडक ओता. गोळीला लावायचं मेणही बदला. तुमचं ते मधमाशांच्या मेणाचं मिश्रण फार जुनं झालंय. आणि काडतुसात बंदुकीची दारू थोडी कमी भरा. हे तिन्ही केलंत की फरक पडलाच पाहिजे.

तुम्ही सोडून दिलंत, तर मी त्या मुलीला काय सांगू?

रागावलात तरी पत्र लिहायचं थांबवू नका.
तुमची,
सिग्ने


न्यूएल
३ मे २०१६

चि. सिग्नेस,
अनेक आशीर्वाद.

तिन्ही केलं. कथील घातलं, मेण बदललं, दारू कमी केली. आता गोळ्या टोपलीतही मावत नाहीत, अंगणभर जातात. लॉइड काल जोडी ठेवायच्या पेटीसाठी माप घ्यायला आला होता. बिचारा माझ्याकडे बघत नव्हता, टेपकडेच बघत होता.

एक नवल सांगतो. काल चार घोड्यांना नाल ठोकले. एकही खिळा वाकडा गेला नाही. लोखंड अजून मला ओळखतं, शिसं ओळखेनासं झालं.

वाईट वाटून घेऊ नकोस. प्रयत्न केलास, हेच आम्हाला पुष्कळ.

लोभ कमी करू नकोस.
तुझा,
बाबा


न्यूएल
५ मे २०१६

चि. सिग्ने,
खूप खूप आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितेय. अक्षराला हसलीस तर मार खाशील.

बाबांनी मला काही सांगितलेलं नाही, पण लॉइडची बायको सगळं सांगते. घोड्याच्या खुरात खिळा ठोकणारा हात रिव्हॉल्व्हर धरताना थरथरेल, हे मला पटत नाही. मी काही तुझ्यासारखी शिकलेली नाही. तू बघ काय ते.

बाकी घराची दशा विचारू नकोस. माझा पाहुण्यांचा पांढरा टॉवेल तुझ्या बाबांनी तेलाने काळा केला. आमची रीत तुला माहीतच आहे. नेमबाजीहून आलं की टेबलाच्या त्या बाजूला लाल चौकड्यांचं फडकं, त्यावर जुनी, ती त्यांनी साफ करायची. या बाजूला निळं फडकं, त्यावर नवी, ती मी. मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. आता माझा हात असा, तर हे महाशय दोन्ही एकदम खोलतात आणि सगळे भाग त्या एका टॉवेलवर ढीग करतात. वर शीळ घालतात. टॉवेल तीनदा उकळला, डाग गेला नाही.

जेवत जा वेळेवर. इथली माया तुझ्या वाट्याची वेगळी काढून ठेवलेली आहे.
तुझी,
आई


माइल्स सिटी
९ मे २०१६

ती. बाबांना आणि आईला,
सा. न. वि. वि.

आई, तुझा टॉवेल मी नवा आणून देईन, एक नाही, सहा. बाबा, ऐका. लॉइडकाकांना पेटी करायची थांबवा.

दोन्ही रिव्हॉल्व्हर एकाच टॉवेलवर खोलल्यात. चक्रीवर नंबर नाही. एकीची चक्री दुसरीत बसते. तुम्ही त्यांची अदलाबदल केली असणार! तसं असेल तर जुनीत आता तंग चक्री आहे. जाड काडतूस दाबून बसवावं लागतं ते म्हणूनच, तुमचा अंगठा ठणठणीत आहे. जाड गोळी तंग घरातून दबून बारीक होते आणि मग जुनीच्या ऐसपैस नळीत लडबडत जाते. आणि नवीत ऐसपैस चक्री असल्यामुळे बारीक गोळीच्या कडेने जाळ निसटतो आणि शिसं माखतं.

पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, तपासा. दोन्ही रिव्हॉल्व्हर रिकाम्या करून चक्र्या बाहेर काढा. एक नुसती जाड गोळी घ्या, काडतूस नको, आणि जुनीतून निघालेल्या चक्रीच्या प्रत्येक घरात पुढच्या तोंडाने बोटाने सरकवून बघा. ती चक्री जुनीचीच असेल, तर गोळी हलक्या दाबाने आत जाईल. गेलीच नाही, तर ती नवीची.

मला एका गोष्टीची लाज वाटते. वर्गात मी रोज सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काही कळत नाही. आणि तुम्हाला मी तीन गोष्टी एकदम बदलायला लावल्या. अंगठ्याचं तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. मी ते वाचून रडले, पण त्यावर विचार केला नाही. मेण तुमचं जुनंच वापरा.

चुकलेल्या मुलीवरही लोभ असू द्या.
तुमची,
सिग्ने


न्यूएल
२२ मे २०१६

चि. सिग्नेस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तसा मी उभ्या उभ्याच गोळी घेऊन बसलो (आई म्हणते, असं लिहू नकोस, एकतर उभा होतास किंवा बसला होतास). जुनीतल्या चक्रीच्या सहाही घरांत जाड गोळी दारातच अडली. दुसऱ्या चक्रीत लोण्यात सुरी जावी तशी गेली. दोन्ही चक्र्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. मग आईला हाक मारली आणि कबूल केलं. ती हसली नाही. तिने आधी टॉवेलचं विचारलं.

चक्र्या आपापल्या घरी गेल्या. जुनं शिसं, जुनं मेण, जुनी दारू. काल सामना झाला. दोन्ही रिव्हॉल्व्हर मिळून दहा गोळ्या, नऊ बशीत. दहावी बाहेर गेली ती माझी स्वतःची, तिचं खापर कुणावर फोडत नाही. नंबर तिसरा आला. लॉइड रिकामी पेटी घेऊन आला होता. मी शब्द परत मागितला. तो म्हणाला, बरं झालं, त्याला माझ्याशिवाय नेमबाजीला जायला कंटाळा आला असता. पेटीत आईने त्याला रुबार्बच्या आंबट देठांचा भाजलेला गोड पाई भरून दिला.

यासोबत एक जाड गोळी आणि एक बारीक गोळी पाठवतोय. त्या मुलीच्या हातात दे. डोळे मिटून ओळखायला सांग.

प्लास्टर गुरुवारी निघेल. पण काल संध्याकाळीच आईने निळं फडकं अंथरलं आणि एका हाताने नवी साफ करायला बसली. तासभर लागला. मदत करू का विचारलं, तर तिने टेबलाच्या मधल्या रेघेवर बोट ठेवलं.

लोभ घट्ट असू दे, ढिला व्हायचं काम माझ्याकडेच राहू दे.
तुझा,
ढिला नाल